वादळाआधीची टेकडी

२८ सप्टेंबर २००९
कुरिनोसावा, इवाते

साकोदा-सान,

वेधशाळेमागच्या रानात चेस्टनट गळायला लागले आहेत. आज सकाळी टोपली घेऊन गेले, तर रानडुकरं माझ्याआधीच जेवून गेली होती. उरलेसुरले वीस-पंचवीस वेचले आणि गुडघ्यांना शिव्या देत परत आले. तुमच्या कागोशिमात अजून पंखे लावावे लागत असतील.

मी ओइकावा किनुए. नावावरून आठवलं नाही तर असं सांगते: वेधशाळेत रोजचे आलेख वाचून आकडे लिहिणारी मुलगी, किटल्या ओतणाऱ्या भट्टीवाल्या ओइकावांची. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, आता एकाहत्तर. लग्न होऊनही आडनाव बदललं नाही, कारण बाबांनी भट्टीसाठी घरजावई केला. र्योसाकु साधा माणूस होता. सहा वर्षांपूर्वी गेला.

तुमचा पत्ता फाटकावरच्या कुमागाइ आजोबांच्या घरून मिळाला. आजोबांना जाऊन जमाना झाला, पण त्यांना आलेली नववर्षाची कार्डं सुनेने डब्यात जपून ठेवली आहेत. तुम्ही त्यांना अठरा वर्षं न चुकता कार्ड पाठवलंत. मला एकही नाही. तक्रार करत नाही, नुसतं सांगते आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही पाठवलं नसतं. पत्ता तीस वर्षांपूर्वीचा आहे. पत्र परत आलं तर समजेन.

कामाचं लिहिते. वेधशाळेतल्या जुन्या लाकडी खोल्या डिसेंबरात पाडणार आहेत. खरं काम केव्हाच डोंगरापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं. पाडण्याआधी एक आठवणींची पुस्तिका छापायचं ठरलं आहे आणि ते काम हायासे नावाच्या मुलीकडे आहे. ओसाकाची आहे, सूर्यावरून सुटणाऱ्या प्लाझ्माच्या ढगांवर डॉक्टरेट केलेली, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. तिने मला फोन केला.

"आजी, सत्तावन-अठ्ठावनच्या सगळ्या वह्यांत तुमचं अक्षर आहे. म्हणजे तुम्ही सगळं बघितलंय!"

"आकडे बघितले. बाकी काय बघणार?"

"मग ती साकोदांची भानगड काय होती हो? वादळाआधीची टेकडी? फायलीत लिहिलंय, हा माणूस खिशात लोखंड घेऊन यंत्राजवळ जायचा आणि शेवटपर्यंत नाकबूल करत राहिला. मी पुस्तिकेत तसंच घालतेय, नावासकट. पण म्हटलं, एकदा विचारून घ्यावं. असंच झालं होतं ना?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

हे उत्तर मी आधीही एकदा दिलं होतं, १९५८च्या एप्रिलमध्ये, मुख्य निरीक्षक तोगाशिंच्या खोलीत. तेव्हाही मला सगळं आठवत होतं. पुस्तिका नोव्हेंबरच्या अखेरीस छापायला जाईल. त्याआधी मला तुम्हाला काही सांगायचं आहे. आज जमत नाही. चुलीवर मुळा शिजतोय, करपेल.

ओइकावा किनुए


६ ऑक्टोबर २००९

साकोदा-सान,

पत्र परत आलं नाही. म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी आहे. तुम्हीच आहात असं धरून चालते.

काल मुद्दाम वेधशाळेच्या जुन्या फाटकापर्यंत जाऊन आले. कुमागाइ आजोबांची टपरी नाही, पण ज्या दगडावर ते बसायचे तो आहे. आठवतं ना? हातात होकायंत्र, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावरून ते फिरवायचे. घड्याळ, किल्ल्या, पेन, बुटांचे खिळे, काही सुटायचं नाही. सुई जरा थरथरली की ओरडायचे, "हलली! काढा, काढा, लोखंड काढा!" मंत्रालयातून साहेब आले तरी तेच. एकदा तर एका साहेबांचा दात हलला, म्हणजे दातामुळे सुई हलली, आणि आजोबांनी त्यांना बाहेरच चहा पाजून परत पाठवलं.

तुम्ही आलात त्या पहिल्या दिवशी त्यांनी तुमच्या पट्ट्याचं बक्कल काढून घेतलं. दुपारपर्यंत तुम्ही एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांना नमस्कार करत होतात. आम्ही मुली आलेखांच्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. शेवटी आजोबांनाच दया आली, त्यांनी सुतळी दिली. त्यानंतर तुम्ही कायम सुतळीच बांधलीत. गावात जातानासुद्धा. क्योटोच्या परिषदेला जातानासुद्धा, हे मला स्टेशनवर दिसलं होतं.

तुम्ही आलात १९५७च्या सप्टेंबरात, आणि सूर्य त्या वर्षी नुसता पेटला होता. दर काही दिवसांनी तोक्योहून फोन यायचा: सूर्यावर स्फोट झाला आहे, दीड-दोन दिवसांत ढग पोचेल, चुंबकीय वादळ येईल, सज्ज राहा. की तुम्ही सगळं सोडून त्या पहाऱ्याच्या खोलीत जाऊन बसायचात. तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेली लाकडी खोली, मातीची शेगडी, आणि दहा पावलांवर ती दुसरी, अर्धी जमिनीत पुरलेली अंधारी खोली, जिच्यात चुंबक टांगलेले होते आणि उजेडाचा ठिपका फोटोच्या फिरत्या कागदावर रेघ काढत असायचा. पृथ्वीचं चुंबकत्व इतकंसं हललं तरी रेघ हलायची. दुसऱ्या दिवशी तो कागद धुऊन माझ्या टेबलावर यायचा आणि मी काचेची पट्टी लावून आकडे लिहायची.

प्लाझ्मा म्हणजे काय, हे मला तुम्ही आमच्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहून सांगितलंत. बाबा साच्यात लोखंड ओतत होते आणि तुम्ही मध्येमध्ये येत होतात.

"हे तापवत तापवत नेलं ना, की आधी पाणी होतं, मग वाफ. आणखी तापवलं की वाफेचेही तुकडे होतात, विजेचे कण सुटे होतात. ते मग चुंबकाचं ऐकतात. चुंबक म्हणेल तिकडे वळतात. सूर्य तसलाच, तारे तसलेच. विश्वात जवळजवळ सगळं तसंच आहे. दगड, पाणी, तुम्ही, मी, हा सगळा अपवाद."

"मी अपवाद आहे हे आई रोजच सांगते," मी म्हटलं.

"बाजूला व्हा, नाहीतर दोघांची वाफ होईल," बाबा म्हणाले.

फोन आला त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मी जेवायच्या सुट्टीत घरी जायची आणि परत येताना तुमच्यासाठी भाजक्या पानांचा चहा आणायची. फाटकातून नाही, मागच्या रानातल्या पायवाटेने, ती आमच्या परसातूनच निघायची. तुम्ही दक्षिणेकडचे, थंडीने निळे पडलेले. पेला दोन्ही हातांत धरून म्हणायचात, "आमच्या ऑफिसच्या किटलीतला चहा फाटकाशीच गार होतो. हा एवढा गरम कसा?"

"पळत आले," मी म्हणायची.

आणि मग ती टेकडी. ती मलाच सापडली, हे तुम्ही तुमच्या लेखात पहिल्या पानावर लिहिलं होतं, आणि त्याबद्दल मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! डिसेंबरात मी तुम्हाला तीन आलेख शेजारी शेजारी मांडून दाखवले. वादळाच्या चार तास आधी, कधी दहा तास आधी, सरळ रेघेत एक इवलासा उंचवटा. चार गामा, म्हणजे पृथ्वीच्या ताकदीचा बारा हजारावा भाग. मग तुम्ही माझ्यापुढे कमरेत वाकलात, आणि लाजून गडबडीत आलेखापुढेही वाकलात.

"सरदाराच्या मिरवणुकीपुढे चोपदार चालतो ना, तसं आहे हे," तुम्ही म्हणालात. "मोठा ढग मागून येतोय आणि त्याच्या पुढे एक पातळ झोत धावतोय. वर्दी द्यायला!"

सगळं बसतच गेलं. टेकडी नेहमी दुपारी एकच्या सुमाराला दिसायची, कारण तेव्हा आपण सूर्यासमोर असतो. सकाळी आलेल्या वादळांना टेकडी नसायची, कारण झोत पोचला तेव्हा आपण सूर्याकडे पाठ करून होतो. ऑक्टोबरात ती सहा मिनिटं टिकली, नोव्हेंबरात नऊ, डिसेंबरात चौदा, जानेवारीत बावीस, आणि फेब्रुवारीतल्या त्या मोठ्या वादळाआधी एक्केचाळीस. सूर्य जसजसा चढतोय तसतसा चोपदार जास्त वेळ रेंगाळतोय, असं तुम्ही लिहिलंत. त्याचं एक समीकरणही होतं. मला ते कळलं नाही, पण मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं.

फेब्रुवारीच्या त्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडचं आकाश तांबडं झालं आणि गावातले लोक बादल्या घेऊन बाहेर आले, कुठे आग लागली म्हणून. दुपारी मी चहा द्यायला आले होते. फार थांबले नाही, कामं होती.

त्या पाच महिन्यांइतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही. र्योसाकु चांगला होता, मुलगा चांगला निघाला, भट्टी चालली, तरीही. हे आता लिहायला हरकत नाही.

पण हे लिहायला मी बसले नव्हते. जे लिहायचं ते पुढच्या वेळी.

किनुए


१५ ऑक्टोबर २००९

साकोदा-सान,

आता किटलीबद्दल.

आमच्या भागात लोखंडी किटलीशिवाय घर नसतं, आणि आमच्या घरात तर मोजता येणार नाहीत इतक्या. बाबांनी माझ्यासाठी म्हणून एक ओतली होती, अंगावर गारांसारखे बारीक दाणे असलेली. लोखंडातला चहा लवकर गार होत नाही. मी ती कापसाच्या गोधडीत गुंडाळायची, वर कापड बांधायची, आणि रानातल्या वाटेने आणायची.

पहाऱ्याच्या खोलीत लोखंड न्यायचं नाही एवढी अक्कल मला होती. म्हणून मी किटली बाहेर ठेवायची. पुरलेल्या खोलीच्या मागे दगडी कट्टा होता, तिथे वारा लागत नसे आणि कार्यालयातून दिसतही नसे. तिथे किटली ठेवून मी चिनी मातीच्या भांड्यात चहा ओतायची आणि तेवढं भांडं तुमच्याकडे आणायची. परत जाताना किटली उचलायची. मला वाटायचं, खोलीभोवती इतकी माती आहे, ती थंडी अडवते, उजेड अडवते, तर लोखंडालाही अडवेल. रोज चुंबकाचे आलेख वाचणारी मुलगी मी, आणि मला असं वाटत होतं. हसा हवं तर. मी स्वतःला बरीच वर्षं हसले नाही, आता हसते.

फोन आला की वादळ येणार. वादळ येणार म्हणजे तुम्ही खोलीत बसणार. तुम्ही बसणार म्हणजे मी चहा आणणार. दुपारी एकला. त्यानंतर काही तासांनी वादळ यायचं. तो चोपदार मी होते, साकोदा-सान.

मला हे कळलं मार्चमध्ये. फोन आला होता, मी किटली आणली होती, आणि ढग वाट चुकून बाजूने निघून गेला. वादळ आलंच नाही. दुसऱ्या दिवशी आलेख माझ्यासमोर आला तेव्हा त्यावर टेकडी होती. बारा बावन्न ते एक सव्वीस. मी ती वेळ बघत बसले. बारा वाजून पन्नास मिनिटांनी बाबांच्या भट्टीचा भोंगा व्हायचा आणि तो मी कट्ट्यापाशी पोचता पोचता ऐकला होता. पट्टी हातातून खाली पडली आणि तिचा कोपरा उडाला. तो कोपरा उडालेली पट्टी नंतर मी सहा वर्षं वापरली.

तुम्ही क्योटोला निघायला दोन दिवस होते. मी धावत तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आले. तुम्ही तक्ते गुंडाळत होतात आणि शीळ वाजवत होतात. म्हणालात, "किनुए-सान, माझ्या आईला पत्र लिहिलंय. तुमच्याबद्दलही लिहिलंय." मी म्हटलं, "प्रवास नीट करा." परत येऊन वहीत त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिलं, काही नाही.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. परिषदेत कोणीतरी विचारलं, ही टेकडी जगात दुसऱ्या कुठल्याच वेधशाळेत कशी दिसत नाही? तुम्ही जमिनीखालच्या प्रवाहांचं काहीतरी उत्तर दिलंत. मग विचारलं, यंत्राजवळ लोखंड आलं नव्हतं ना? तुम्ही भर सभेत सांगितलंत की माझ्या ड्यूटीवर लोखंडाचा कण आत आलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. परत आलात तेव्हा तोगाशिंनी मार्चचा आलेख शोधून काढला होता. वादळ नाही आणि टेकडी आहे, म्हणजे लोखंडच. आणि सगळ्या टेकड्यांच्या दिवशी ड्यूटी तुमचीच.

त्यांनी मला बोलावलं. "ओइकावा, तू तिकडे चहा न्यायचीस असं मुली म्हणतात. साकोदाच्या खिशात कधी सुरी, किल्ली, काही बघितलंस?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

नाही असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू काय नेत होतीस. वेधशाळेच्या आवारात लोखंड, तेही ओइकावांच्या भट्टीचं. बाबांना गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मी तुमच्यासाठी रानातून येते हेही सगळ्यांना कळलं असतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला यातलं कुठलं मोठं वाटलं, हे आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. मला भीती वाटली, एवढं खरं.

मे महिन्यात तुम्ही गावी जाऊन मला लिहिलंत. ते पत्र माझ्याकडे आहे. "खोलीत येणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. माझ्याजवळ काही नव्हतं हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं दोन ओळींत तोगाशिंना लिहा. शोध चुकीचा ठरला तर ठरू दे, पण मी खोटं बोललो असं राहू देऊ नका." मी उत्तर दिलं नाही. तुम्ही शाळेत शिकवायला लागलात, असं कुमागाइ आजोबांकडून कळलं. पुन्हा कुठल्या वेधशाळेने तुम्हाला घेतलं नाही.

तुम्ही खोटं बोलला नव्हतात. खोटं मी बोलले. मिनिटांबद्दल मी काही लिहीत नाही.

किनुए


३० ऑक्टोबर २००९

साकोदा-सान,

तुमचं उत्तर नाही. मी अपेक्षाही करत नाही. तरी झालं ते कळवते.

गेल्या आठवड्यात मी हायासेला फोन केला.

"मला आठवलं," मी म्हटलं.

"अगं बाई! काय आठवलं, आजी?"

"फोनवर नाही. ती पुरलेल्या खोलीतली यंत्रं चालू आहेत का?"

"एक आहे, नव्याशी ताडून बघायला ठेवलंय. का?"

"किटली घेऊन येते."

"चहा आहे हो आमच्याकडे!"

मुलाला कळलं तेव्हा तो चिडला. "पन्नास वर्षांनी काय उकरून काढतेस, आई? भट्टीचं नाव आहे." मी म्हटलं, भट्टीचं नाव तुझ्या आजोबांनी केलं, आणि त्यांनी किटली चांगलीच ओतली होती, तिच्यात काही खोट नव्हती. शेवटी त्यानेच गाडीने सोडलं. पण मागच्या वाटेने मी पायीच गेले. किटली दोन किलोची आहे. एकोणिसाव्या वर्षी ती मला कधी जड वाटली नव्हती.

वाट बुजली आहे, पण कट्टा आहे. शेवाळ धरलंय. हायासे जुन्या कार्यालयात पडद्यासमोर बसली होती आणि खिडकीतून ओरडत होती, "आजी, काय करताय? सांगा तरी!" मी बारा पन्नासला किटली ठेवली, भांड्यात चहा ओतला आणि पहाऱ्याच्या खोलीत नेला. तिथे आता मोडक्या खुर्च्या आहेत. हायासे आली, तिला पेला दिला.

"केवढा गरम आहे!" ती म्हणाली.

"पळत आले," मी म्हटलं. मग मला रडू आलं, आणि तिला काही कळेना. तिने माझ्या पाठीवर हात फिरवत फिरवत सगळं ऐकलं. चहा संपेपर्यंत आम्ही बसलो, मग मी किटली उचलून आणली आणि ती पडद्याकडे धावली. मी तिच्यामागे गेले.

"आजी," ती म्हणाली, "तीन पूर्णांक नऊ गामा."

सूर्य यंदा अगदी झोपलेला आहे, म्हणते ती. महिनोन् महिने एक डाग नाही. त्यामुळे रेघ सरळसोट होती आणि मध्ये ती टेकडी, जशीच्या तशी. तिने सत्तावन सालचा आलेख शेजारी धरला. मी बघितलं नाही. मला बघायची गरज नव्हती.

मग ती म्हणाली, "पण आजी, गंमत माहितीय? ढगाच्या पुढे खरंच बऱ्याच गोष्टी धावत येतात. आता अवकाशात यानं उभी करून ठेवलीत, ती आम्हाला तासभर आधी वर्दी देतात. साकोदांनी शोधलं ते चुकलं, पण शोधत होते ते काही वेड्यासारखं नव्हतं." हे तुम्हाला कळवायचं तिने मला बजावलं आहे.

"हे छापू का?" तिने विचारलं. "तुमच्या नावासकट?"

"नावासकट. बाबांचं नाही, माझं."

सोबत तिने बदललेलं पान आहे आणि परवाचा आलेख. पानावर शेवटी लिहिलं आहे: निरीक्षक साकोदा तादाकि यांनी लोखंड जवळ आणलं नव्हतं असं सांगितलं होतं. ते खरं होतं. आलेख वाचणाऱ्या ओइकावा किनुए यांनी चौकशीत सत्य सांगितलं नाही.

ती शेवटची ओळ मी तिला सांगून घातली. तिने "कशाला, आजी" असं दोनदा म्हटलं.

माफी मागायला शब्द शोधत होते. नेहमीचेच मिळाले. माझं चुकलं. मला माफ करा.

किनुए


१२ नोव्हेंबर २००९
माकुराझाकि, कागोशिमा

ओइकावा-सान,

तुमची चारही पत्रं पोचली. पहिलं मी उघडलं नव्हतं, बायकोच्या तसबिरीपाशी ठेवून दिलं होतं. ती असती तर 'उघडा ते' म्हणाली असती. दुसरं आल्यावर दोन्ही वाचली.

तिसरं वाचून मला चार दिवस राग होता. नातीने विचारलं, आजोबा, दात दुखतोय का. मी हो म्हटलं. माफ केलं असं मी लिहीत नाही. एकतीस वर्षं मी मुलांना शिकवलं की एकदा लिहिलेला आकडा खोडायचा नाही, बरोबर असेल तो शेजारी लिहायचा. हायासे बाईंचं पान मी तसं शेजारी लिहिलेलं समजतो. आई मात्र ते न वाचता गेली. तिला मी खोटं बोललो नाही हे पटलेलं होतं, पण शेजाऱ्यांना पटवता आलं नाही.

माझीही एक चूक लिहून ठेवतो. सूर्यापासून जमिनीखालच्या पाण्यापर्यंत सगळ्याला मी 'का' विचारत होतो. चहा इतका गरम कसा, हे मी विचारलं आणि 'पळत आले' हे उत्तर मानलं. तुम्हाला कधी धाप लागलेली नसायची. ते मी बघत होतो. ते उत्तर मला आवडायचं, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

काल माझ्या त्या लेखाची प्रत काढली. एक्कावन्न वर्षांत तिला हात लावला नव्हता. शेवटचा तक्ता तुमच्या अक्षरात आहे. ऑक्टोबर सहा मिनिटं: तुम्ही दारातच उभ्या होतात, आत या म्हणायचं मला सुचलं नव्हतं. डिसेंबर चौदा: तुमच्या खडावेचा बंद तुटला आणि मी तो माझ्या सुतळीने बांधून दिला. जानेवारी बावीस. त्या दिवशी आपण काय बोललो ते मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर लिहा.

फेब्रुवारीची रेघ मी भिंग घेऊन पुन्हा मोजली. किटली ठेवल्यापासून उचलेपर्यंत, म्हणजे तुम्ही आल्यापासून जाईपर्यंत, एक्केचाळीस मिनिटं, बरोबर आहे. मी आजवर समजत होतो की त्या दिवशी तुम्ही चहा दिलात आणि लगेच निघून गेलात.

साकोदा तादाकि